रो नंबर २३

आमच्या भूतान ट्रिपची एक्सेल शीट मीच बनवली. चौघे मित्र, सहा रात्री, नोव्हेंबर महिना. कॉलम पाच: ठिकाण, वेळ, लेन्स, रेफरन्स फोटोची लिंक आणि शेवटी ‘झालं / नाही झालं’. रो १ मध्ये पारोचं ताक्तसांग, समोरच्या व्ह्यूपॉइंटवरून, डाव्या कोपऱ्यात पताका. रो ८ मध्ये दोचु ला खिंडीतले १०८ स्तूप आणि मागे बर्फाची शिखरं. रो १४ मध्ये पुनाखाचा झोंग आणि त्याच्यापाशी मिळणाऱ्या दोन नद्या. आणि रो २३ मध्ये हे: ‘म्हातारी बाई, सुरकुत्या, हातात प्रार्थनाचक्र, ८५ एमएम, क्लोज-अप, शक्यतो हसरी.’

हे मी लिहिलंय. रात्री साडेअकराला, हिंजवडीतल्या फ्लॅटवर, मॅगी खात. तिकिटं काढायच्या आधी. त्या देशातल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नव्हतं तेव्हा, आणि तिथली एक म्हातारी मी लेन्ससकट बुक करून ठेवली होती. हसू ऑप्शनल.

ग्रुपवर तिघांनी थम्सअप दिला. एकाने विचारलं, ‘लहान लामाचा पण टाक ना, लाल कपड्यातला, पळताना.’ मी रो २४ टाकली.

डोंगराळ देशात फोटो काढायला जाण्याचं जे प्लॅनिंग आपल्या पिढीने रूढ केलंय, ते मुळातच चुकलंय, असं माझं म्हणणं आहे. चूक लेन्सची नाही, बजेटची नाही. आपण फोटो आधी ठरवतो आणि देश त्यात बसवतो. इन्स्टावर पाचशे वेळा पाहिलेला फोटो पाचशे एकाव्या वेळी स्वतःच्या मेमरी कार्डवर यावा म्हणून सहा दिवसांची रजा आणि महिन्याचा पगार घालवतो. याला प्रवास म्हणत नाहीत. आमच्याकडे याला वसुली म्हणतात. बँकेचा माणूस जसा यादी घेऊन दारोदार फिरतो, तसे आपण खिंडीखिंडीतून फिरतो.

आता तुम्ही म्हणाल, हा शहाणपणा सुचला कुठून? सुचला नाही. एका पोराने सुचवला.

मी खामगावचा. इंजिनिअरिंग शेगावला केलं. पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ईएमआयवर कॅमेरा घेतला आणि दिवाळीला, उन्हाळ्याला घरी गेलो की बाइक काढून जिल्हाभर फिरायला लागलो. बाहेरच्यांना बुलढाणा जिल्हा म्हणजे कापूस, सोयाबीन आणि शेगावची वारी एवढंच वाटतं. पण दक्षिणेला अजिंठ्याची रांग आहे, तिच्यावर बुलढाणा शहर वसलंय. उत्तरेला सातपुडा. मधून पूर्णा वाहते. आणि पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा.

तीन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, संग्रामपूर तालुक्यात एका गावाबाहेरच्या रस्त्यावर मला ‘तो’ फोटो मिळाला. एक म्हातारी, डोक्यावर पाण्याचा गुंड, अनवाणी, मागे दुपारच्या धुरकट उजेडात सातपुड्याची निळी रेघ. मी बाइकवरून न उतरता लांबूनच २०० एमएमने सात फ्रेम घेतल्या. तिला कळलंही नाही. पाचवी फ्रेम जमली. मी कॅप्शन लिहिली: ‘थकलेले पाय, न थकलेलं हसू.’ त्या फोटोला माझ्या आजवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त लाइक्स मिळाले. ऑफिसच्या स्पर्धेत पहिला नंबर आला, बक्षिसात हेडफोन मिळाले. ते मी अजून वापरतो.

पाच महिन्यांनी एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज आला. ‘दादा, हे माही आजी व्हय.’

मला आधी आनंद झाला. मग पुढचे मेसेज आले, एकेक करून. ती हसत नव्हती, उन्हाने डोळे बारीक केले होते. गावातल्या बोअरचं पाणी खारं आहे म्हणून ती दीड किलोमीटरवरून गोडं पाणी आणत होती. त्याचे आजोबा किडनीच्या आजाराने गेले होते. आजीचा पदर घसरलेला होता आणि तिला तसं बाहेर कुणी पाहिलेलं चालत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. गावातल्या पोरांनी तो फोटो ग्रुपवर टाकला होता. शेवटचा मेसेज असा: ‘पाण्याचं लिहिलं असतं तं चाललं असतं.’

मी फोटो काढून टाकला आणि सॉरी लिहिलं. त्याने अंगठा पाठवला.

खारपाणपट्टा म्हणजे काय हे मला शाळेपासून माहीत होतं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी लागतं पण तोंडात धरवत नाही, पिकालाही मानवत नाही. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या किडनीच्या आजारांच्या बातम्या मी लहानपणापासून वाचत आलोय. म्हणजे मी काही परदेशी पाहुणा नव्हतो. चाळीस-पन्नास किलोमीटरवरचा माणूस होतो, तीच भाषा बोलणारा. तरी व्ह्यूफाइंडरमध्ये मला गुंडात काय आहे हे दिसलं नाही. दिसली ती सुरकुती, डोंगर आणि बॅकलाइट. कारण तेव्हाही माझ्या डोक्यात एक रो नंबर २३ होती. मी ती शोधत होतो, ती सापडली, मी ‘झालं’ लिहून पुढे गेलो.

माझ्याच जिल्ह्यात मला हे जमलं नाही. मग ज्या देशाची भाषा येत नाही, जिथे सहा रात्री राहणार, तिथे काय दिवे लावणार आहे?

यावर माझ्या फोटोग्राफर मित्रांची तीन उत्तरं ठरलेली आहेत. तिन्ही घेऊ.

पहिलं: ‘विचारून काढला की नॅचरल भाव जातो.’ जातो, कबूल आहे. विचारलं की माणूस पदर सावरतो, ताठ बसतो, कॅमेऱ्याकडे बघतो. पण हा बनाव आहे हे कुणी ठरवलं? आपल्या घरच्या भिंतीवरचे आजोबा फेटा बांधून, खुर्चीवर ताठ बसून, गंभीर चेहऱ्याने बघतायत. त्यांना आपण अननॅचरल म्हणत नाही. जगाने आपल्याला कसं बघावं हे ठरवायचा हक्क त्यांनी त्या पाच मिनिटांत वापरला होता. स्वतःचा लिंक्डइनचा फोटो आपण चाळीसातून एक निवडतो. मग भूतानच्या म्हातारीला एकही फ्रेम निवडायला का मिळू नये?

दुसरं: ‘आपण पैसे भरतोय.’ भारतीय पर्यटकाला भूतानमध्ये माणशी एका रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा रात्रींचे ७,२०० झाले. आमच्या ग्रुपवर यावर दोन दिवस कुरकुर चालली होती. इतर बहुतेक देशांच्या पाहुण्यांना हेच शुल्क डॉलरमध्ये आणि आपल्या कितीतरी पट द्यावं लागतं, हे कळल्यावर कुरकुर थांबली आणि तिची जागा हक्काने घेतली. ‘एवढे भरल्यावर काढणारच ना फोटो!’ अरे, ते शुल्क त्या देशाच्या तिजोरीत जातं. आपल्या येण्याने रस्त्यांवर, जंगलावर जो भार पडतो त्याचा मोबदला आहे तो. त्यात कुणाचा चेहरा विकत मिळत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत चलाख: ‘आपण काय गोरे साहेब आहोत का? आपणही त्यांच्यासारखेच.’

याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. १८४० च्या दशकात मेजर रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला आणि इकडचाच होऊन राहिला. वर्षानुवर्षं खपून त्याने रंगवलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तोवर त्याच्या हाती कॅमेरा आला होता. १८६० च्या दशकात त्याने लोणारच्या दैत्यसूदन देवळाचे फोटो काढले. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसासाठी तेव्हा आमचं लोणार हाच तो लांबचा, डोंगरातला, ‘अनटच्ड’ देश होता. देवळाची उंची कळावी म्हणून त्या काळात फोटोत माणूस उभा करायची पद्धत होती. तो माणूस कोण, हे सहसा कुणी लिहून ठेवत नसे. तो पट्टी होता, मोजायची.

पुढे १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाने आठ खंड निघाले. साडेचारशेच्या वर फोटो. खाली बहुतेक ठिकाणी जात, जमात, गाव. ‘हा अमुक जातीचा नमुना.’ माझ्या रो २३ मध्ये आणि त्या खंडांमध्ये फरक सांगा. मी जात लिहिली नाही, सुरकुत्या लिहिल्या, एवढाच. साहेब व्हायला गोरं असावं लागत नाही. नमुना गोळा करायची नजर पुरते. आमच्या पणजोबांना ज्या नजरेने मोजलं, ती नजर आम्ही ईएमआयवर विकत घेतली.

आता माणसं बाजूला ठेवू. डोंगरांचं काय? त्यांचा पदर घसरत नाही, त्यांचा नातू मेसेज करत नाही. तिथे शॉट-लिस्ट चालेल ना?

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो. टेस्ट केसमध्ये दोन कॉलम असतात: अपेक्षित आउटपुट आणि मिळालेलं आउटपुट. दोन्ही जुळले की पास, नाही जुळले की फेल. आपली शीट हीच आहे. दोचु लाला पोचलो, अपेक्षित: हिमशिखरं. मिळालं: धुकं. फेल. तिथून हवा स्वच्छ असेल तर गांगखार पुएनसुम दिसतं. ७,५७० मीटर उंच आणि त्याच्या माथ्यावर आजवर कुणी पाऊल ठेवलेलं नाही. भूतानने २००३ पासून गिर्यारोहणच बंद केलंय, म्हणजे ते तसंच राहणार. ज्या शिखरावर कुणी जायचं नाही असं एका देशाने ठरवलं, ते आपण पोचलो त्या चाळीस मिनिटांत धुक्यामागून बाहेर आलं नाही म्हणून आपण गाडीत बसून शिव्या घालतो. रेटिंगमध्ये एक स्टार कमी करतो.

हे लोणारला मी उलट्या बाजूने भोगलंय. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि फोटो जगभर गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता असं निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसरचा दर्जा मिळाला. तेव्हापासून मी बुलढाण्याचा म्हटलं की पुण्यातले लोक एकच विचारतात: ‘आत्ता गुलाबी आहे का?’ नाही म्हटलं की विषय संपतो. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद विवर आहे, काठावर उतरणीला जंगल आहे, मोर आहेत, जुनी देवळं आहेत. पण आउटपुट हिरवं आलं. फेल.

आपल्या गावाशी कुणी असं वागलं की आपल्याला झोंबतं. पारोच्या माणसालाही झोंबत असेल.

ताक्तसांगचं तर बघाच. कड्याला चिकटलेला तो मठ १६९२ मध्ये बांधायला घेतला, पारोच्या खोऱ्यापासून सुमारे ९०० मीटर उंच. चढून जायला दोन-तीन तास लागतात. आणि दारात फोन, कॅमेरा, बॅग सगळं ठेवून आत जावं लागतं. आत फोटो नाही. मी शीटमध्ये त्या दिवसासमोर लिहिलं होतं: ‘व्ह्यूपॉइंट ४५ मिनिटं, आत १० मिनिटं.’ मित्राने कॉमेंट टाकली: ‘आत फोटो अलाउड नाही तर जायचं कशाला? तेवढ्यात गोल्डन अवर जाईल.’ दुसऱ्याने फोन मोज्यात कसा लपवता येईल यावर मीम टाकलं. सगळे हसलो. मीही.

ज्या खोलीसाठी शेकडो वर्षं माणसं तो कडा चढतायत, ती खोली आमच्या प्लॅनमध्ये वेळेचा अपव्यय ठरली, कारण तिचं अपलोड होत नाही. ही कॉमेंट दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये परत वाचली तेव्हा मला त्या संग्रामपूरच्या पोराचा अंगठा आठवला.

गैरसमज नको. मी प्लॅनिंगच्या विरोधात नाही. डोंगरात प्लॅन न करता जाणं मूर्खपणा आहे. परमिट काढा. भूतानला भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, ते आधी शोधून ठेवा, आयत्या वेळी आधार कार्ड दाखवू नका. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. चेले ला खिंड जवळपास ४,००० मीटरवर आहे, पहिल्याच दिवशी तिथे पळू नका. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तो चालत नाही. आणि मोबाइल ॲपमधल्या सूर्योदयाच्या वेळेवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. ती वेळ सपाट क्षितिजाची असते. खोल दरीत ऊन डोंगराच्या कडेवरून येतं, कधी तास-तासभर उशिरा, आणि संध्याकाळी तितकंच लवकर निघून जातं. हे मला कुठल्या यूट्यूबरने शिकवलं नाही. लोणारच्या विवरात सकाळी तळाशी सावलीत थांबून, वरच्या काठावर उजळलेली झाडं बघत शिकलो. डोंगरातला उजेड शिकायला पारोला जावं लागत नाही. बोथ्याच्या घाटातही तो रोज उतरतो.

प्लॅन रस्त्याचा करा, रजेचा करा, बॅटरीचा करा. फोटोचा करू नका. आणि माणसाचा तर अजिबातच करू नका.

‘पण रजा सहाच दिवसांची आहे, रिकामा दिवस परवडत नाही,’ हे मला मान्य आहे. आम्हालाही परवडत नव्हता. आमच्या घरांतून परदेशात पाऊल टाकणारी ही पहिलीच पिढी. ‘एकदाच जाणार, सगळं बघून घे’ हे वडिलांचं वाक्य प्रत्येकाच्या डोक्यात असतं, आणि त्यात लोभ नसतो, गरिबीची आठवण असते. पण सहा दिवसांत सहा गावं केली तर सहा दिवस गाडीची काच बघून होते. सहा दिवसांत दोन गावं केली तर तिसऱ्या दिवशी चहावाली तुम्हाला ओळखते. मग तुम्ही तिला विचारू शकता. ती नाही म्हणाली तर नाही. ‘नाही’ ऐकायला वेळ लागतो, आणि यादीवाल्याकडे तोच नसतो.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा त्या पोराला मेसेज केला आणि संग्रामपूरला गेलो. आजी ओसरीवर तूर निवडत होती. मी सोबत पाचव्या फ्रेमची आठ बाय बाराची प्रिंट नेली होती. द्यावी की नाही हे ठरत नव्हतं, पण तिचीच गोष्ट होती, माझ्याकडे ठेवणं जास्त वाईट वाटलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता रागावणार. ती म्हणाली, ‘फोटो काढाचा होता तं आवाज द्याचा ना बापा. गुंड खाली ठेवला असता.’

मग नातवाला म्हणाली, आतून चांगलं लुगडं काढ. ते नेसून ती दारात खुर्चीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट कॅमेऱ्यात. हसली नाही. मी बारा फ्रेम घेतल्या आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. नातवाने बटण दाबून एकेक दाखवली. तिने तिसरी निवडली. मी असतो तर नववी निवडली असती. तिसऱ्या फ्रेममध्ये मागे दाराची चौकट वाकडी आलीय आणि सातपुडा दिसतच नाही. पाण्याचा प्लास्टिकचा ड्रम मात्र स्पष्ट दिसतो, कारण तो त्या दारातच असतो.

तिसरी फ्रेम मी खामगावला प्रिंट करून पाठवली. ती कुठेही पोस्ट केलेली नाही, तिने तसं सांगितलेलं नाही म्हणून.

ट्रिप अजून आहे. तिकिटं काढलीयत: पुण्याहून बागडोगरा, पुढे गाडीने जयगाव, फुंटशोलिंग. काल ग्रुपवर मी नवी शीट टाकली. सहा रात्री, दोन गावं. रेफरन्स लिंकचा कॉलम काढला, ‘झालं / नाही झालं’चाही काढला. रो २३ आणि २४ डिलीट केल्या. ताक्तसांगच्या दिवशी आत जायला वेळेची मर्यादा ठेवलेली नाही, फोन खाली ठेवायचे. एक रो वाढवलीय: खिशात मावणारा प्रिंटर, म्हणजे ज्याचा फोटो त्याच्या हातात तिथल्या तिथे.

एक मित्र ग्रुप सोडून गेला. बाकीच्या दोघांनी अजून थम्सअप दिलेला नाही.